न चाखता रांधणाऱ्या टीचर

टीचरांनी जन्मात कधी अळंबीचा तुकडा तोंडात घातला नाही, आणि मी आजवर जिथे जिथे अळंबी खाल्ली त्यात त्यांच्या हातची सगळ्यात चांगली. उगाच गेलेल्या माणसाचं कौतुक म्हणून सांगत नाही. गेलेल्यांचं असं कौतुक ऐकलं की माझं डोकं उठतं. माझी जीभ चांगली तिखट आहे, आणि तिला खरं बोलायची सवय टीचरांनीच लावली.

नात्याने त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या, म्हणजे मामंजींची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्या आणि मागे परस एवढं त्यांचं स्वतःचं घर होतं आणि पुढच्या खोलीत टाइपरायटिंगची इन्स्टिट्यूट. म्हणून सगळी गल्ली त्यांना टीचर म्हणे. मी साताऱ्याची. नवऱ्याची बँकेची नोकरी तंजावरात, म्हणून लग्नानंतर त्यांच्यापासून दोन घरं सोडून बिऱ्हाड थाटलं. पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला आणि "आत्या" म्हणाले, तर त्यांनी दंडाला धरून मला सरळ उभं केलं.

"मज आत्या म्हणू नक्को. आत्या म्हटलं की बाई भावाच्या घरची होते. टीचर म्हण."

सासरचं घराणं मराठी राजांच्या काळी तिकडे गेलेलं. त्यांचं हे 'मज' आणि 'तुज' ऐकून मला सुरुवातीला पोथी ऐकतेय असं वाटायचं. टीचरांना मराठी वाचता येत नव्हतं, पण बोलायच्या मात्र माझ्या पणजीसारख्या, आणि ते सगळं तमिळच्या हेलात. मी हसले की म्हणायच्या, "हस. तुमच्या तिकडे भाषा रोज धुतात, म्हणून विटली. आम्ही सणालाच काढतो." मग मध्येच तमिळमध्ये शिरत आणि मी बावळटासारखी मान डोलवत बसे.

ती नव्वदच्या दशकातली वर्षं होती. मोठ्या रस्त्यावर एक कॉम्प्युटर सेंटर उघडलं. थंडगार खोली, दाराशी चपला काढून आत जायचं, देवळातल्यासारखं. टीचरांकडे शिकणारी पोरं एकेक करून तिकडे चपला काढायला गेली. एके काळी पहाटे सहापासून खडखडणारी ती खोली दुपारच्या देवळासारखी शांत झाली. टीचर तरी रोज सकाळी सगळ्या यंत्रांना तेल घालत आणि कुणीच नसलं तर स्वतः बसून एक पान बडवत.

मामंजी तेव्हा मद्रासला राहत. ही बातमी लागल्यापासून त्यांची तमिळमधली पत्रं सुरू झाली. अक्का, घर विकून टाक, इकडे ये, तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे. मामंजी वाईट नव्हते, उलट फार मायाळू. तीच तर पंचाईत. टीचर पत्र वाचून घडी घालत आणि म्हणत, "खोली रिकामी केली म्हणतो. त्या खोलीत बसून मी काय करू? तुझ्या जावेनं आणलेली कॉफी पिऊन ताट कधी वाढतात याची वाट बघू?" त्यांना काय हवं होतं ते अगदी स्पष्ट होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईवर, शेवटपर्यंत.

म्हणून त्यांनी अळंबी धरली. शेतकी कॉलेजात बायकांना दोन दिवस शिकवत होते, तिथे जाऊन बसल्या. आपल्या या कावेरीच्या मुलखात भाताचा पेंढा म्हणाल तेवढा. तो रात्रभर भिजवायचा, सकाळी उकळायचा, निथळून प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर, मध्ये बियाणं, आणि पिशव्या झापांच्या अंधाऱ्या शेडमध्ये टांगायच्या. वीस-पंचवीस दिवसांत पिशवीच्या भोकांतून करड्या कानांसारखी अळंबी बाहेर डोकावते. तिकडे तिला काळान म्हणतात. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांत काळान म्हणजे अब्रह्मण्यम्. टीचर स्वतः त्याच मताच्या. परसातून आल्या की पुन्हा अंघोळ. मी विचारलं, खात नाही तर पिकवता कशाला? म्हणाल्या, "न्हावी काय स्वतःची हजामत करतो?"

पिकली खरी, पण घेणार कोण? बाजारातल्या बायका नाक मुरडत. राहता राहिलं स्टेशनाजवळचं नवं हॉटेल. मोठं देऊळ बघायला परदेशी पाहुणे यायचे ते तिथे उतरत. टीचर एक टोपली घेऊन तिथल्या मुख्य आचाऱ्याकडे गेल्या. कुंभकोणमचा भला थोरला माणूस, सगळे त्याला मास्टर म्हणत. मास्टर म्हणाला, आमच्या पाहुण्यांना डब्यातली पांढरी गुंडीसारखी अळंबी लागते, या कानांचं मी काय करू? टीचर म्हणाल्या, "येत्या रविवारी माझ्या घरी या. खा, मग सांगा." आणि घरी येऊन माझ्यासमोर पाटावर बसल्या. "बोलून तर आले. आता काय करून घालू गं?"

त्याच आठवड्यात ती जपानी मुलगी आली. हे मात्र आपलं नशीब. जवळच्या तिरुवैयारुला वीणा शिकायला राहिलेली, काडीसारखी पोर. व्हिसाचा अर्ज टाइप करून घ्यायला आली होती. परसात टांगलेल्या पिशव्या दिसल्या आणि ती अर्ज विसरली. मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, मी करून दाखवू? टीचरांनी परसात रॉकेलचा स्टोव्ह मांडून दिला, एक जुनी लोखंडी कढई दिली, आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. तिने अळंबी धुतली नाही, नुसती फडक्याने पुसली आणि हातानेच उभी फाडली. कढई कोरडी, चांगली तापलेली. त्यात घालून ढवळायचं नाही, हात बांधून उभं राहायचं. कडा तांबूस झाल्या की उलटायची. वाटीत तिने मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातून आणवलेलं सोया सॉस, व्हिनेगर, किसलेलं आलं, चिमूटभर साखर आणि भाजून कुटलेले तीळ. गरम अळंबीवर ते ओतायचं आणि लगेच काकडीच्या पातळ कापांवर पसरायचं. खालून गार, वरून गरम. मी त्या दिवशी उभ्या उभ्या बशी संपवली. सॅलड म्हणजे कांदा-टोमॅटो, एवढंच मला तोवर ठाऊक होतं.

मुलगी अर्ज घेऊन गेली. टीचरांनी लांबून सगळं डोळ्यांनी टिपून घेतलं होतं. त्यांना त्याची सवय होती. नैवेद्याचा स्वयंपाक त्या जन्मभर न चाखता करत आल्या होत्या. देवाआधी जिभेला लावायचं नाही, म्हणून मीठ डोळ्यांनी घालायचं, फोडणी कानांनी ऐकायची, शिजलं की नाही ते वासावर ओळखायचं. गोकुळाष्टमीला बारा पदार्थ व्हायचे आणि एकातही मिठाचा खडा कमी-जास्त नसायचा. तेव्हा न खाता अळंबी रांधणं त्यांना अवघड वाटलं नाही. फक्त एकदा कुणीतरी चाखायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"मज जीभ नाही. तूच माझी जीभ."

तीन दिवस त्यांनी ते करून बघितलं, तिन्ही दिवस मी खाल्लं. आणि तिन्ही दिवस ते भयंकर खारट होतं. झालं होतं असं, की सोया सॉस म्हणजे काळा रंग येण्यासाठी घालायचं काहीतरी, असं टीचरांनी धरलं. त्यात आधीच मीठ असतं हे चाखल्याशिवाय कळणार कसं? ती पोर मीठ घालायला विसरली असंच त्यांना वाटलं. म्हणून भाजीला घालतात तेवढं मीठ त्या वरून डोळ्यांनी बरोब्बर घालत. आणि मी? मी शहाणी, साताऱ्याहून आईची शिकवण घेऊन आलेली. सासरी कुणी विचारलं कसं झालंय, तर छान झालंय म्हणायचं. मी तांब्याभर पाणी पीत होते आणि छान झालंय म्हणत होते. टीचर खूश होऊन आणखी मीठ घेऊन बसत.

रविवारी मास्टर आला. नेसायला तिकडचं लुंगीसारखं धोतर, पांढरी स्वच्छ वेष्टी, कपाळाला विभूती. टीचरांनी केळीच्या पानावर वाढलं. त्याने एक घास घेतला, थांबला, आणि अदबीने पाणी मागितलं. मग तमिळमध्ये म्हणाला, मामी (तिकडे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात), काळान चांगलं आहे, पण मीठ. आणि पान किंचित पुढे सरकवलं.

टीचरांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मला तिथे धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिन्ही दिवस खारटच होतं, टीचर. मी बोलले नाही."

त्या रागावल्या असत्या तर सोपं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू मज मान दिलास. मान मज सगळे देतात गं. तू चव द्यायची होतीस." एवढंच. मग मास्टरला दहा मिनिटं बसायला सांगितलं, मला हाताला धरून परसात नेलं आणि स्टोव्हसमोर उभं केलं. "आता बोल. मी करते, तू बोल."

मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाला तोंडावर सांगत होते. मीठ नको, अजिबात नको. आंबट कमी आहे. अजून थोडं. आलं पुरे. त्या माझ्या एकेका शब्दावर हात हलवत होत्या. हरकत नाही, शंका नाही. ज्या बाईने जन्मभर कुणाच्या जिभेवर भरवसा ठेवला नव्हता, ती माझ्यासारख्या खोटारडीच्या जिभेवर सगळं टाकून मोकळी झाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रॉकेलच्या धुराने, असं मी नंतर नवऱ्याला सांगितलं.

मास्टरने ते पान स्वच्छ केलं. काकडीसुद्धा ठेवली नाही. हात धुऊन आला आणि म्हणाला, "मामी, उद्यापासून रोज पाठवा."

पुढच्या महिन्यात मामंजी मद्रासहून न्यायला आले. सोबत मोठी रिकामी ट्रंक. टीचरांनी त्यांना कॉफी दिली, शेड दाखवली आणि सांगितलं, "मी येत नाही. तू येत जा." मामंजींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. ट्रंक तशीच रिकामी घेऊन स्टेशनवर गेले. फार दुखावले होते, आणि त्यानंतर कित्येक वर्षं दिवाळीच्या दिवसापुरते यायचे, कॉफी प्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पत्रात खोलीचा विषय मात्र कधी सुटला नाही.

मी त्यांच्याकडून काय काय घेतलं ते सांगायला बसले तर संपायचं नाही. तमिळ त्यांनी शिकवलं, टायपिंग शिकवलं, त्याच बळावर मला पुढे नोकरी लागली. पण खरं ऋण त्या दहा मिनिटांचं. तिथून पुढे मी कुणाला बरं वाटावं म्हणून छान म्हटलेलं नाही. त्यापायी काही माणसं तुटली, जी राहिली ती पक्की राहिली. टीचर तर रोज विचारायच्या, आणि मी रोज खरं सांगायची. साडी शोभत नाही, हा पोरगा तुम्हाला फसवतोय, आज चिडचिड जास्त झाली. त्या "बरं" म्हणत आणि बदलत. एवढं ऐकून घेणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

नवऱ्याची बदली मदुरैला झाली तेव्हा मी रडले, त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, बसने चार तास तर आहेत. पुढची वर्षं मी दर महिन्याला त्या चार तासांना हजर असे.

एका पहाटे फोन आला. टीचर परसात गेल्या होत्या आणि शेडच्या दाराशीच बसल्या त्या बसल्या. आम्ही आधी पोचलो, दुपारी मद्रासहून मामंजीही आले. पुरुषमंडळी त्यांना घेऊन कावेरीवर गेली. आम्ही बायकांनी घर धुतलं, अंघोळी केल्या. ओल्या केसांनी मी परसात गेले, तर मोठ्या टोपात पेंढा भिजत घातलेला. आदल्या संध्याकाळी त्यांनीच घातलेला. बियाण्याच्या बाटल्या बाजूला तयार. भिजलेला पेंढा दुसऱ्या दिवशीपर्यंत आंबतो, मग तो फेकावाच लागतो.

ज्या घरात माणूस गेलं, तिथे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. जेवणसुद्धा शेजारून येतं. हे मला माहीत होतं.  तरी तीन दगड मांडले, जाळ केला आणि पेंढा उकळायला ठेवला. शेजारच्या मामी दारातून बघत होत्या, काहीतरी म्हणणार होत्या हे दिसत होतं.

पुरुष परतले तेव्हा मी निथळलेल्या पेंढ्याचे थर पिशवीत घालत होते. मामंजी ओल्या धोतराने परसात आले. विझत आलेला जाळ बघितला, माझे हात बघितले. मी म्हटलं, "टाकून द्यावंसं वाटलं नाही, मामंजी. चुकलं असेल तर बोला."

ते माझ्या समोर जमिनीवर बसले आणि मी भरलेली पिशवी ओढून घेऊन तिचं तोंड सुतळीने बांधायला लागले. बांधता येत नव्हतं. मी दाखवलं. अंधार पडेपर्यंत अकरा पिशव्या झाल्या. त्यांनी स्वतः एकेक उचलून शेडमध्ये टांगली. शेवटची टांगून झाल्यावर तिथेच आढ्याला हात लावून उभे राहिले.

"किती दिवसांनी येतात गं ही?"

"वीस-पंचवीस दिवस लागतात."

त्यांना घेऊन आलेला मद्रासचा मुलगा, माझा दीर, मागे येऊन उभा होता. तेरावा झाला की त्यांनी मद्रासला परतायचं, निघतानाच परतीचं तिकीटसुद्धा काढलेलं होतं. मामंजींनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "माझं तिकीट रद्द कर. तोवर मी अक्काच्या घरी राहतो."