मालकाची गावची माणसं

आमच्या दारावर नोटीस लागली तेव्हा मी आत कांदा परतत होते. दाराला कुणीतरी बाहेरून काहीतरी फासतंय असा आवाज आला म्हणून गॅस बारीक करून दार उघडलं, तर दोन माणसं उभी. एकाच्या हातात खळीचा डबा, दुसरा मोबाइलने आमच्या दाराचा फोटो काढत होता.

"मालक आहेत का?" त्याने विचारलं.

"मालक कळव्याला राहतात. आम्ही भाड्याने राहतो."

"मग तुम्हीच वाचून घ्या," म्हणाला, आणि दोघं जिना उतरून गेले.

मी वाचलं. मालकाने या फ्लॅटवर कर्ज काढलं होतं, ते फेडलं नव्हतं, म्हणून बँकेने घराचा कागदोपत्री ताबा घेतल्याचं जाहीर केलं होतं. आमचं नाव त्यात कुठेच नव्हतं. ज्या घरात आम्ही अठरा वर्षं राहिलो, त्याच्या कागदात आम्ही नाहीच, याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. मला एकच दिसत होतं. लेकीला सातवा महिना लागला होता आणि पुढच्या आठवड्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिचं आंबिवलीचं सासर म्हणजे दीड खोली आणि त्यात सहा माणसं. तिला माहेर हवंच होतं, आणि माहेर म्हणजे हेच दार.

हे कामावरून आले, वाचलं, आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर सुरी आणि ओलं फडकं घेऊन नोटीस खरवडायला लागले. "लेक यायच्या आत निघायला हवी. शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"शेजाऱ्यांनी माझ्या आधी वाचली असेल," मी म्हटलं. "त्यापेक्षा मालकांना फोन करा."

मालक आमच्याच गावचे, आमच्याच वाडीतले. यांना दादा म्हणायचे, मला वहिनी. फोनवर तोच गोड आवाज. "वहिनी, कशाला घाबरता? मी आहे ना. बँकेशी बोलणं चालू आहे." दुसऱ्या दिवशी फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हे कळव्याला जाऊन आले तर घराला कुलूप. "गावी गेला असेल," हे म्हणाले. माणूस पळाला हे म्हणवत नव्हतं त्यांना. गाववाल्याला नावं ठेवायची म्हणजे आपल्याच अंगणात थुंकायचं, असं त्यांचं मत.

शेवटी मीच पदर खोचला आणि यांना घेऊन कल्याण कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे गेले. आमच्या लेकीच्या वयाचा पोरगा, पण बोलणं नीट. "काकू, मालकाने घर गहाण टाकलं म्हणून भाडेकरू लगेच रस्त्यावर येत नाही. तुम्ही कर्जाच्या आधीपासून राहत असाल, तर तुम्हाला बोलायचा हक्क आहे. अर्ज करता येतो."

माझ्या जिवात जीव आला. कर्ज सहा वर्षांपूर्वीचं, आम्ही त्याच्या कितीतरी आधीचे. लेक तर या घरातून बालवाडीत गेलेली.

"छान. मग करारनामा दाखवा."

करारनामा नव्हता. गाववाल्याशी कसला करार? भाडं दर महिन्याला हातात, वर चहा. पावती मागितली असती तर माणूस दुखावला असता.

"नोंदणी करणं मालकाचं काम होतं," वकील म्हणाला, "पण आता तुम्ही इथे राहत होता हे तरी दिसायला हवं. लाइट बिल?" मालकांच्या नावावर. "गॅस?" तोही त्यांचाच. "रेशनकार्ड, आधार, मतदान?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे चपलांकडे पाहत होते.

सगळं गावचं होतं. रेशनकार्ड गावचं, आधारवर पत्ता गावचा, मतदान गावी. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की हे रजा टाकून जायचे, बोटाची शाई महिनाभर मिरवायचे. पत्ता बदलला तर गावच्या यादीतून नाव जाईल, मग वाडीत आपल्याला विचारणार कोण, ही त्यांची धास्ती. गावी आमचं काय आहे? घर दिराचं, निजायला पडवी, वर्षातून आठ दिवस गणपतीला. मी कितीदा म्हटलं होतं, अहो, इथलं कार्ड काढून घ्या. "आपण काय इथले आहोत का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लेकीच्या शाळेतसुद्धा कायमचा पत्ता म्हणून यांनी गावच लिहिलेलं.

"सोसायटी तरी पत्र देईल ना?" वकिलाने विचारलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिलं. त्यात लिहिलं होतं की सदर कुटुंब हे मालकांचे नातेवाईक आहेत. भाडेकरू ठेवला की सोसायटी जास्त आकार लावते, म्हणून मालकांनी पहिल्यापासून सांगितलं होतं, ही आमची गावची माणसं, घरचीच. आणि आम्ही त्यावर खूश. सत्यनारायणाला मला सगळ्या बायका मालकांची वहिनी म्हणून पुढे बसवायच्या, तेव्हा मी काय मान मिरवला होता! आता तोच मान गळ्याशी आला. घरच्या माणसाला भाडेकरूचा हक्क कुठून असणार?

तरी वकिलाने अर्ज केला. त्याने काही थांबलं नाही. घर रिकामं करून बँकेला द्यायचा हुकूम ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसातून निघाला, असं त्याने फोनवर सांगितलं. ताबा घ्यायला कधी येतील ते सांगता येत नाही म्हणाला.

तोवर लेक आली होती. तिचं ब्लड प्रेशर वाढत होतं, डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं, हिला कसलंही टेन्शन देऊ नका. मग काय, मी दिवसभर हसत राहायचे. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की हातातलं काम टाकून दाराशी जायचे. दूधवाल्याने बेल वाजवली तरी आधी भोकातून बघायचे. डिंकाचे लाडू वळताना मनात एकच, हिला कळा सुरू होतील आणि त्याच दिवशी ते येतील. भाड्याने दुसरं घर बघायला जायचे ते भाजीची पिशवी घेऊन, आणि सगळीकडे हाच प्रश्न, आधीच्या घराचा करार दाखवा.

लेक काय दुधखुळी होती? एकदा माझ्या हातातली पिशवी घेऊन म्हणाली, "आई, दोन तास भाजी घेतलीस आणि फक्त कोथिंबीर आणलीस. मला माहितीये सगळं. मी ज्या दिवशी आले ना, तेव्हाच खालच्या काकूंनी सांगितलेलं." मी तिच्यासमोरच रडले. तिने माझी पाठ चोळली. उलटंच झालं सगळं.

नातू झाला, सुखरूप झाला. घरी आणून आठवडा झाला असेल, सकाळी मी त्याला पायावर घेऊन न्हाऊ घालत होते आणि बेल वाजली. यांनी दार उघडलं. बँकेची दोघं, पोलीस, कुलूप घेऊन आलेला माणूस, आणि तहसीलदार कार्यालयातल्या एक बाई. घरभर शेक-शेगडीचा, ओव्याचा वास. बाई मोरीच्या दाराशी आल्या, बाळाकडे पाहिलं, मग आतल्या खोलीत कानाला रुमाल बांधून बसलेल्या लेकीकडे.

"पहिलं?" त्यांनी विचारलं.

"पहिलं," मी म्हटलं. पोर साबणाने निसटत होतं. "बाई, हक्काचं काही मागत नाही. ओली बाळंतीण आहे. सव्वा महिना तेवढा होऊ द्या."

बँकेचा माणूस काहीतरी पुटपुटला. बाई त्याला बाहेर घेऊन गेल्या, बरंच बोलल्या, आणि परत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. "मुदत देतो. पण लिहून द्यावं लागेल. काका, या इकडे."

हे समोर बसले. बाईंनी लिहायला घेतलं. यांचं पूर्ण नाव विचारलं, वय विचारलं, मग म्हणाल्या, "राहणार?"

हे सवयीने सुरू झाले, "मुक्काम पोस्ट..." आणि गावाचं नाव सांगितलं.

"काका, तिथलं नको. राहता कुठे ते सांगा."

यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं यांना ऐकू गेलं नाही. मग त्यांनी फ्लॅटचा नंबर सांगितला, मजला सांगितला, बिल्डिंगचं नाव, रस्ता, डोंबिवली पूर्व. पिन कोडसुद्धा पाठ होता त्यांना. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. पत्त्याच्या खालची ओळ होती, मी वरील घर सव्वा महिन्याने स्वखुशीने सोडीन, त्यावर माझा कोणताही हक्क नाही. यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि सही केली.