सावलीची वरची कड

भूगोलाच्या तासाला मी परभणीच्या मुलांना वृक्षरेषा शिकवते. हिमालयात जिथं थंडीपुढे झाडं हात टेकतात, ती रेषा; हवा तापू लागली की ती हळूहळू वर सरकते. हिमालय मी पाहिलेला नाही. पण झाडांची कड वर सरकताना पाहिली आहे, सासरच्या गावाला, जिंतूरकडच्या डोंगरावर.

लग्न होऊन आले तेव्हा झाडं ओढ्याकाठीच संपायची. वर नुसता खडक आणि शेळ्या. माथ्यावर देवी. नवरात्रात तिची ओटी भरायला जायचं, आणि ऊन तर असं की विचारू नका. सासूबाईंना एकदा वाटेत भोवळ आली, तेव्हापासून डॉक्टरांनी उन्हात चढायला मनाई केली. मग त्या शेवटच्या झाडाखाली बसायच्या आणि ओटीचं ताट माझ्या हातात द्यायच्या. "तिला सांग, पुढल्या साली मी येते म्हणावं."

मी वैतागत वर जायची. निरोप मात्र द्यायची.

तोवर त्या सीताफळं खायच्या. बिया फेकायच्या नाहीत, हा त्यांच्या माहेरचा शिरस्ता. जिथं खाल्लं तिथंच, वरच्या अंगाला, दगडांच्या फटीत खोचायच्या. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. पुढं घरोघरी ट्रॅक्टर आले, गुरं कमी झाली, अलीकडे पाऊसही दसऱ्यापर्यंत रेंगाळायला लागला. रोपं जगली. त्यांच्या आडोशानं पाखरांनी आणलेले कडुनिंब उठले. शेवटचं झाड हळूहळू वर जात राहिलं, आणि त्याच्याबरोबर सासूबाईंची बैठकही.

"आत्याबाई, डोंगर बुटका व्हायलाय का तुमच्यासाठी?" मी सासूबाईंना चिडवायची.

"तू लय लवकर दमायलीस, तेवढं बघ."

यंदा सावली थेट देवीच्या पायरीशी पोचली. माझा हात धरून, थांबत थांबत, त्या वर आल्या. स्वतःच्या हातानं ओटी भरली. आभार कुणाचे मानावेत ते मला कळेना: पावसाचे, पाखरांचे, की पाला न खाणाऱ्या शेळ्यांचे. मी सगळ्यांचेच मानले.

सासूबाईंनी पदर सावरला आणि देवीला विचारलं, "आले बघ. ही दरसाली सांगायली होती का न्हाई तुला?"

एकही साल चुकले नव्हते मी. तरी देवी काय सांगते म्हणून जीव मुठीत धरून उभी राहिले.