राक्षसाचे गमबूट

तेविसाव्या मिनिटाला राक्षस समुद्रातून बाहेर आला आणि आमच्या प्रिव्ह्यू थिएटरमधले चौदा लोक खदाखदा हसले.

अंधेरीतल्या आमच्या लॅबमध्ये जुन्या सिनेमांची डागडुजी होते. मी कलरिस्ट. म्हणजे कुठल्या शॉटमध्ये उजेड किती आणि काळोख किती, हे ठरवणारी बाई. एरवी रंगही बघते, पण हा सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता. साठ वर्षांपूर्वी मढच्या किनाऱ्यावर शूट झालेला, समुद्री राक्षसाचा. नाव सांगत नाही, करारात तशी अट आहे. एका ओटीटी ॲपला तो हवा होता आणि त्यांच्या वतीने तन्मय नावाचा उत्साही मॅनेजर महिनाभर आमच्या डोक्यावर बसला होता.

हसून झाल्यावर तन्मय डोळे पुसत म्हणाला, "मॅम, हा हॉरर नाहीये. ही झकास कॉमेडी आहे."

त्याचा प्लॅनही तिथल्या तिथे तयार झाला. सिनेमा आहे तसा ठेवायचा आणि वरून एका स्टँडअपवाल्याची कॉमेंटरी टाकायची. राक्षस आला की त्याने जोक मारायचे. पुढच्या शुक्रवारी त्याची बॉस बघायला येणार होती, तेव्हा फायनल होणार होतं. मला राग आला, पण बोलणार काय? राक्षस खरंच बावळट दिसत होता. रबराचा सूट, पाठीवर जाडजूड टाके आणि पायात चक्क गमबूट.

मागे वळून पाहिलं तर प्रणिता खाली मान घालून बसली होती. प्रणिता आमची स्कॅनिंगवाली. निगेटिव्हची एकेक फ्रेम कॉम्प्युटरवर घ्यायची, तिच्यावरची धूळ आणि ओरखडे काढायचे, हे तिचं काम. या सिनेमावर तिने दोन महिने घातले होते. डबा खाताना ती एकदम म्हणाली, "ताई, त्या सूटमध्ये माझे आजोबा आहेत."

मी घास खाली ठेवला. आधी का नाही बोललीस, असं विचारलं.

"सरप्राइज होतं ना. शुक्रवारी दोघांना आणणार होते. आजोबांनी सिनेमात काम केलंय हे अख्ख्या घराला पाठ आहे, पण बघितलाय कोणी? आजीनेसुद्धा नाही. तेव्हा आठवडाभरच चालला होता." मग म्हणाली, "आता कसं आणू? लोक त्यांच्या तोंडावर हसतील."

मला त्या माणसाला भेटावंसं वाटलं. शनिवारी वर्सोव्याहून फेरीबोटीने आम्ही दोघी मढला गेलो. काशिनाथ आजोबा दारात खुर्ची टाकून मोबाइलवर कबड्डी बघत होते. ऐंशीला आलेत, पण खांदे बघितले की कळतं, या माणसाला राक्षस का केलं. डायरेक्टरला पाण्याखाली दम धरणारा माणूस हवा होता. हे तेव्हा एकोणीस वर्षांचे. सूटमध्ये पाणी भरायचं, आतून काही दिसायचं नाही, असं सगळं ते मजेत सांगत होते. आजी आतून तळलेल्या बोंबलांची ताटली घेऊन आल्या. मी मूळची मालवणकडची, त्यामुळे मुद्द्यावर यायला मला थोडा उशीर झाला.

शेवटी सांगून टाकलं, की आजोबा, परवा लोक तुमच्या गमबुटांना हसले.

त्यांनी कबड्डी बंद केली. "बूट दिसलं? बूट कसं दिसलं? ते दिसाचं नव्हतं."

मग खुलासा झाला. राक्षस जिथून वर येतो ते खडक कालवांनी भरलेले आहेत. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, कडा अशा धारदार की तळवा फाटतो. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही, कोळ्याच्या पोराला कळतं. पहिल्याच दिवशी सूटचा तळ चिरला. आजोबांनी सरळ सांगितलं, अनवाणी जमणार नाही. आणि वडिलांच्या बोटीवरचे गमबूट घालून आले. डायरेक्टर ओरडला, पण कॅमेरामन शांत होता.

"तो बोलला, घाल बूट. लॅबवाला खाली कालोख करील," आजोबा म्हणाले. "थेटरात मी बघितला तवा बूट नव्हतं. मी बी नव्हतो. दोन डोलं आन एक खांदा. मनाच भ्या वाटला."

परतताना बोटीतच मला कळलं होतं, चूक कोणाची ते.

सोपं करून सांगते. कॅमेऱ्याने जे जे पाहिलं ते सगळं निगेटिव्हवर असतं. पण प्रेक्षक निगेटिव्ह बघत नाही, त्यावरून काढलेली प्रिंट बघतो. मध्ये लॅबमधला ग्रेडर बसलेला असायचा. कुठल्या शॉटला किती उजेड सोडायचा हे तो ठरवायचा. म्हणजे साठ वर्षांपूर्वी माझ्याच खुर्चीत बसलेला माणूस. त्याने राक्षस काळोखात बुडवला होता. मी निगेटिव्ह हातात आल्यावर काय केलं? सावल्या उचलल्या, म्हणजे काळोखातला भाग उजळला. आमच्या धंद्यातला हा खास गाढवपणा आहे. नवी मशिनं काळ्या कोपऱ्यातलाही टाका दाखवतात आणि टाका दिसला की आम्हाला काम केल्यासारखं वाटतं. निगेटिव्हबरोबर एक जुनी प्रिंटही आली होती. तिच्यावरचे ओरखडे बघून मी डबा बंद करून टाकला होता. तीस वर्षं हे काम करतेय आणि जे लोकांनी थिएटरात पाहिलं तेच मी पाहिलं नव्हतं. लाज वाटली.

सोमवारी ती प्रिंट लावली. आजोबांचं बरोबर होतं. दोन डोळे, ओला खांदा, बाकी काळं. मी आणि प्रणिताने राक्षसाचे सगळे शॉट पुन्हा केले. गमबूट बुडाले. टाके गेले.

बुधवारी तन्मयने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मॅम, वाट लागली. काहीच दिसत नाहीये."

मी म्हटलं, बरोबर, दिसायला नकोच आहे. त्यावर तो म्हणाला, लोक मोबाइलवर बघणार, रिक्षात, भर उन्हात, तेव्हा त्यांना नुसता काळा चौकोन दिसेल. हे मात्र खरं होतं. मी फक्त डोळ्यांची आणि खांद्यावरच्या पाण्याची चमक किंचित वाढवली. कमरेखाली एक कण उजेड दिला नाही. कॉमेंटरीचं शुक्रवारी बघू, असं ठरलं.

शुक्रवारी चार वाजता आजोबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, आजी नवी साडी नेसून. सिनेमा सुरू झाला आणि लोक लगेच हसायला लागले. हिरॉइनच्या डोक्यावरच्या केसांच्या टोपलीला हसले, वाळूत सुटाबुटात धावणाऱ्या हिरोला हसले, पुठ्ठ्याच्या दीपगृहाला तर टाळ्या पडल्या. प्रणिताने माझं मनगट धरलं होतं.

तेविसावं मिनिट. समुद्र काळा. आधी नुसता पाण्याचा आवाज, मग डोळे. हसणं कुठे गेलं ते कळलंच नाही. खांदा वर आला तेव्हा तन्मयच्या बॉसने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

त्या शांततेत आजींचा आवाज आला. "तुमी कवा येनार?"

"गप," आजोबा कुजबुजले. "त्यो मीच हाय."

कॉमेंटरी रद्द झाली. बॉस म्हणाली, हॉररमध्ये टाका. शेवटी आम्ही एक पाटी जोडली, राक्षसाच्या भूमिकेत काशिनाथ आजोबांचं पूर्ण नाव. मूळ सिनेमात ते कुठेच नव्हतं. असे सिनेमे आज चालतात का, असं लोक मला विचारतात. केस, डायलॉग, दीपगृह, यातलं काही चालत नाही. ते हसण्यावारी जातं आणि जाऊ दे. राक्षस चालतो.

सगळे खूश होते, एक सोडून. गेटपाशी आजी फणकारल्या, "साठ वरसं आयकतंय, सिनेमात व्हतो, सिनेमात व्हतो. दिसला तं काय नाय." आजोबा हसले, पण चेहरा पडलेला मला दिसला. ज्या काळोखाने त्यांची लाज राखली, त्यानेच त्यांना लपवलं होतं.

माझं ते चुकलेलं ग्रेडिंग अजून कॉम्प्युटरवर होतं. तन्मयकडून लेखी परवानगी काढली आणि राक्षसाचे दहा मिनिटांचे शॉट, लख्ख उजेडातले, फक्त घरी बघायला म्हणून प्रणिताला पेनड्राइव्हवर दिले. सोमवारी तिने सांगितलं, अख्खी गल्ली टीव्हीसमोर बसली होती. गमबूट दिसले तशा आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हे सासऱ्यांचेच बूट, मी लग्न होऊन आले तेव्हासुद्धा बोटीवर होते, असं सगळ्यांना सांगत सुटल्या. आजोबांनी ती दहा मिनिटं चार वेळा लावायला लावली.

लॅबमध्ये नवीन आलेल्यांना मी आता एवढंच सांगते, की आधी जुनी प्रिंट बघा. आणि काम चुकलं तर फाइल लगेच डिलीट करू नका, तिचाही प्रेक्षक कुठेतरी बसलेला असतो.