हळदवाल्या आत्याच्या सुना

आमच्या गावात आत्याले जितकी जिती मानसं वळखत, त्याहून जास्त मेलेली वळखत असतीन. थट्टा नाही करत मी. ती बाई रस्त्यानं चालली का समोरून येनाऱ्या मानसाकडं पाहे नाही, आन कोनाच्या रिकाम्या ओट्यापाशी थांबून म्हने, "काहून रे बाबू, उनात बसला?" आपन पाहावं तं ओट्यावर कोनी नाही. मंग त्या घरचे लोक कैक दिवस ओट्यावर टेकत नव्हते. चप्पलसुदिक उभ्यानंच घालत. ती नात्यानं माह्या मालकाची आत्या, पन सारं गाव तिले हळदवाली आत्याच म्हने. पोट्टे तिच्या घरावरून पळत जात, आन बाया तिच्या हातचं पानी पित नव्हत्या. ती त्याचा राग धरे नाही. म्हने, "नाही पेत तं नाही पेत. माह्याच मागचा घागरीचा फेरा वाचला."

आमच्या इकडं बिनलग्नाचं मानूस मेलं का त्याले तसंच अग्नी देत नाही. तो भटकते, दुसऱ्याच्या लग्नात इघ्न आनते, असं जुने लोक सांगत. म्हनून मसनवटीत त्याले हळद लावाची, तिथंच उगवलेल्या रुईच्या झाडासंग त्याचं लगीन लावाचं, मंगच लाकडं पेटवाची. पन हळद लावाले सुवासीन पुढं येत नव्हती. मेल्याची हळद हाताले लागली तं आपलं कुंकू जाईन, हे भेव. आत्याले ना कुंकू ना मंगळसूत्र, तिचं काय जाईन? तिच्या गळ्यात हे काम पडलं ते असं. बाया मसनवटीत जात नाही, पन ती वाटी घेऊन मानसाइच्या मागं मागं जाये.

तिचंही लगीन ठरलं व्हतं एकदा. नवरदेवाले लावून उरलेली हळद नवरीले लावतात, तिले उष्टी हळद म्हनतात. ती उष्टी हळद तिकडून आली, हिच्या अंगाले लागली, बाया गानं म्हनून राह्यल्या, आन तिकडं नवरदेवाले कडब्याच्या गंजीत साप डसला. अंगावर हळद असतानीच त्याले नेलं. रीतीपरमानं रुईसंग त्याचं लगीन लावलं. हळद हिच्या अंगाले आन नवरा रुईचा. मंग हिले कोनी मागनं घातलं नाही. तवापासून ती रुईले सवत म्हने. कधी शिव्या द्याची, कधी म्हनाची, "तिचंही काय सुख झालं वो? मांडवातच रांडावली बिचारी."

दुसरी कोनी असती तं रुई दिसन तिथं उपटली असती. ही रुईले पानी घाले. रुईले कोनी पानी घालते काय? बकरी तोंड लावत नाही असं ते झाड. पन आत्याचं म्हननं, लगीन लागल्यावर पोरीनं मसनवटीत काहून राहाव? म्हनून ज्या रुईसंग लगीन लावलं ती राख थंड झाल्यावर मुळासकट काहाडे आन आपल्या आंगनात लावे. सारं आंगन रुईनं भरलं व्हतं. ही अमक्याची सून, ती तमक्याची सून, अशी ती नावं घ्याची. सनासुदीले त्याइले हिरव्या बांगड्या भरे. दारव्ह्याच्या बाजारात कासार इचारे, "आजी, माप कोनाचं?" ही पदरातून काडी काहाडून त्याच्यापुढं धरे. "सुनेचं. बारीक हाय सध्या, पन पोळ्यापर्यंत अंग धरन." कासार नवा असला तं हसे. जुना असला तं गुपचूप बांगड्या दे, आन मंग हात धुवे.

भर दुपारी तिच्या आंगनात जाऊन पाहाव. पान हालत नसे कुठं, आन बांगड्या वाजत. मी माह्या कानानं आयकलं. म्हनलं, "आत्या, हवा तं नाही." तिनं निवडत व्हती त्या सुपातून मान वर केली नाही. म्हने, "हवा कायले पाह्यजे? सासवाइची गाऱ्हानी करून राह्यल्या. तू जा आपल्या कामाले."

पन गाव खरं भे ते पाट्याले. कोनी गेल्याची बातमी याच्या आधीच तिच्या घरून पाट्या-वरवंट्याचा आवाज ये. ती हळद वाटून राह्यली असे. तो आवाज आला का बाया हातचं काम सोडून आपापले पोट्टे मोजत. कोनी वावराकडं धावे, कोनी विहिरीकडं. मी तिले एकदा इचारलं, "तुले कसं समजते वो?" म्हने, "समजत काही नाही. हात शिवशिवते."

ज्या वर्षी कपाशीवर अळी पडली, त्या वर्षी पाटा लय बोलला. कपाशी मानसाच्या डोक्याबरोबर झाली व्हती, औषध तेज, उन तेज, आन पोट्टे तोंडाले फडकंही न बांधता फवारत. फवारता फवारता चढे. कोनाचे डोये गेले, कोनी सारंच गेलं. माहा धाकटा पोरगा त्यातच गेला. त्याची रुई आत्याच्या आंगनात काट्याच्या कुपाटीजवळ हाय. पोट भराचं व्हतं, मी मंग निंदनाले गेली. उपसरपंचाचाही एकुलता एक त्याच हंगामात गेला. शिकलेला पोरगा, पंप कधी पाठीवर घेतला नव्हता. मजूर भेटले नाही म्हनून स्वतः वावरात गेलता. उपसरपंच मोठा करारी मानूस, पन त्या दिवशी आत्याचे पाय धरून म्हने, "आत्या, रीत सोडू नको. नीट लाव. पोरगा भटकाले नाही पाह्यजे." आत्यानं नीट लावलं.

मंग पुढं काही वर्षांनी वनिताची गोष्ट झाली. वनिता माह्या शेजारची. माय मेली, घर तिच्या नावावर राह्यलं, आन ती पांढरकवड्याले जिनिंगमदी कामाले लागली. तिथं तिले दुर्गा भेटली, राजूरची, बाप कोळशाच्या खानीत. जिनिंगचा हंगाम सरला तशी वनिता तिले घरी घेऊन आली. लोक म्हनत, मैत्रीन असन. त्या साली टीव्हीवर सारखं दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचं दाखवत, का बाईनं बाईसंग लगीन लावलं तं ते कायद्यात धराव का नाही. वनिता हापशीवर सरळच बोलली, "निकाल लागू द्या. आमी दोघी आमचंही लगीन मांडून घेऊ."

हापशी बंद पडल्यासारखी झाली. मंग एकीनं तोंड उघडलं, "आवो, पन यातली नवरदेव कोन? उष्टी हळद कोनाची कोनाले लावाची?"

दुर्गा घागर उचलत म्हने, "काकू, जिची पानी भराची पाळी ती नवरी. आज मी हाय."

हसल्या साऱ्या, पन ते हसनं पुढं टिकलं नाही. तालुक्याहून पुढारी गाडी घेऊन आले. गावागावानं ठराव द्या म्हने, असं लगीन आमाले मंजूर नाही. आमच्या उपसरपंचानं त्यात आपलं जोडलं, का ह्या दोघीइनं गाव सोडाव. बौद्धपुऱ्यातल्या पोरी अडल्या, "घर तिच्या मायचं, काहाडनारे तुमी कोन?" दुकानदार दोघीले मीठ देईनात. वनिताच्या दाराले कोनी काटे लावून गेलं. घर सुटलं तं जाव कुठं, दुर्गाच्या बापानं तं तिले आधीच मेली म्हनून सांगतलं व्हतं.

दोघी आत्याकडं गेल्या. मी तिथंच व्हती. वनिता म्हने, "आत्या, ठराव झाला तं आमाले जा लागते. त्याच्या आधी हळद तेवढी लाव आमाले."

आत्या मागं सरकली. मी तिले भेताना तवाच पाह्यलं. म्हने, "माह्ये हात मेल्याइचे हाय, पोरी. जित्याले आजपर्यंत लावले नाही. काय होईन मले माहीत नाही."

"बाकीच्याइचे हात जिते हाय," दुर्गा म्हने, "ते तं आमाले लागत नाही."

आत्या कुपाटीकडं पाहत राह्यली, आन तिकडं एक बांगडी वाजली.

ग्रामसभा शाळेपुढच्या निंबाखाली भरली, ऐन दुपारची. ठराव वाचून झाला. हात वर कराचे तेवढे बाकी व्हते, आन रस्त्यानं आत्या आली. डोक्यावर तेलाचा पिपा, पिप्यात रुई, रुईच्या फांदीले हिरव्या बांगड्या, आन वरून हिचाच एक धुतलेला पदर घातलेला. लोकाइनं आपसूक वाट देल्ली. तिनं पिपा उपसरपंचाच्या पुढ्यात ठेवला.

"सून आनली तुह्यी. पाया पडाले."

उपसरपंच पांढरा पडला. म्हने, "आत्या, सभा चालू हाय इथं."

"म्हनूनच आनली. मले एक सांग. हिचं तुह्या पोरासंग लगीन लागलं का नाही?"

तालुक्याचा पुढारी म्हने, "बाई कोन हाय ही? बाजूले घ्या." पन हात लावाले कोनी उठलं नाही. तिले कोन हात लावनार?

आत्या आपली उपसरपंचाशीच बोले. "तूच म्हनला व्हता, नीट लाव. मी लावलं. झाडासंग लावलेलं तुले चालते. मेल्याचं लावलेलं चालते. ह्या दोघी तं जित्या हाय. एकमेकीले इचारून आल्या. ह्या बिचारीले तं आपन इचारलंही नव्हतं."

कोनी हसलं नाही. निंबाचं पान हालत नव्हतं, तरी बांगड्या वाजल्या. मी म्हनते वाजल्या. पुढारी म्हने गाडीचा आवाज. बायाइतून उपसरपंचाची बायको उठली. पोरगा गेल्यापासून ती चार मानसात आलीच नव्हती. हातातला पान्याचा लोटा तिनं पिप्यात हळूहळू रिकामा केला, आन नवऱ्याकडं न पाहता म्हने, "एवढ्या उनात आनली सून. पानी तं इचाराव."

उपसरपंचानं ठरावाच्या कागदाची घडी केली. मंग म्हने, "हा ठराव राहू द्या." पुढारी गाडीत बसून गेला. जाताना त्यानं काच वर केली, उन असून.

मंग एका दुपारी पाटा बोलला. साऱ्या गावानं कान टवकारले. बाया धावल्या, नावं घेऊन पोट्टे बोलावले, कोनी वावरात गेली, कोनी तापल्या कपाळावर हात ठेवून पाह्यला. सारे जाग्यावर व्हते. सारे जिते. मंग हळद कोनाची, म्हनून आमी भेत भेत आत्याच्या आंगनात गेलो. रुईच्या मदात पाट मांडले व्हते, आन वनिता-दुर्गा बसल्या व्हत्या. आत्या वाटी घेऊन समोर बसली. तिनं एका वाटीत दोन्ही हात बुडवले, आन एकाच वेळी एक हात हिच्या गालाले, एक तिच्या गालाले लावला. हापशीवरची ती बाई म्हने, "म्हनजे उष्टी कोनाची झाली?"

"आज उष्टी कोनाचीच नाही," आत्या म्हने.

त्याच्यानंतर म्हातारी रोज सकाळी वनिताच्या दारात उभी राहे. "हाय ना वो दोघी?" आतून आवाज ये, "हाय, आत्या. चाय घे." चाय ती घे नाही. आपल्या हातानं काही झालं नाही एवढं पाहून परत जाये. दिवाळीच्या थोडं आधी कोर्टाचा निकाल लागला. कोर्ट म्हने आमच्यानं होत नाही, कायदा करनारे पाहतीन. वनिता लय रडली. आत्यानं तिले बांगड्या मोजाले बसवलं, म्हने, "कोर्टाले कुठून दिसन हळद? सकाळी तूनं तोंड धुतलं ना."

आत्या गेली ते पुढच्या वेचनीत. त्या दुपारीही पाटा बोलला. पन त्या दिवशी कोनी पोट्टे मोजले नाही. बाया हसल्या, "आता कोनाचं लावते म्हातारी?" मीही हसली, आन कापूस निवडत बसली. उन कललं तशी दुर्गा तिले भाकर घेऊन गेली. आत्या पाट्यापाशीच निजली व्हती, मनगटापर्यंत पिवळी, आन बाजूले वाटी भरलेली, वरून पान झाकलेलं.

रीत म्हनजे रीत. एका म्हाताऱ्यानं रुईची फांदी तोडून आनली. वनिता आडवी झाली, "रुई नको, बाबा. ती सवत हाय तिची."

"मंग भटकन ना ती."

उपसरपंच म्हने, "भटकू द्या. तिची तिकडं साऱ्याइसंग वळख हाय."

हळद तं लावाच लागते. वाटी मदात ठेवली, आन आमी साऱ्या बाया एकमेकीकडं पाहून मागं मागं सरकलो. आपापलं कुंकू आठवलं साऱ्याइले. तवा उपसरपंचाची बायको बोलली, साधंच, घरात कोनाले ताट वाढाले सांगाव तसं. "वनिता, दुर्गा, व्हा पुढं. सुवासिनीनं लावाची असते." गावात तो शब्द त्या दोघीले पह्यल्यांदा कोनी लावला. म्हाताऱ्यानं हातातली फांदी बाजूले टाकली. दोघीइनं एकाच वाटीत हात बुडवले.

आता सुनाले पानी दुर्गा घालते. कुपाटीजवळच्या एकीले मी घालते. दुपारी गाव असं चूप असते का आपलाच कान वाजते. घरी जाताना आत्याच्या ओट्यापाशी पाय थांबते माहा. ओटा रिकामाच असते. मी म्हनते, "काहून वो आत्या, उनात बसली?"

अजून तं काही बोलली नाही. पन चप्पल मी उभ्यानंच घालते.