घसरगुंडीखालची माती

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पावसाळ्यात गगनबावड्याची लाइन लागली की बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं, आणि तोच आवाज घेऊन मी घरी यायचे. त्यामुळे आमच्या पेठेत मी काही मागितलं आणि ते कुणाला ऐकू आलं नाही, असं कधी झालं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पेठेकडे मैदान मागितलं, तेही असंच ओरडून.

कारण माझी मुलगी. चौथीत होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळायची आणि ही पायरीवर बसून बघायची. एका संध्याकाळी नाचतच घरात आली आणि म्हणाली, आई, आज मला खेळायला घेतलं. हात कोपरापर्यंत काळे झालेले. चौकशी केली तर चेंडू गटारात गेला की काढून द्यायचं काम तिच्याकडं दिलेलं होतं, आणि तिच्या लेखी तेच खेळणं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या आणि घरातल्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

पेठेतल्या तालमीच्या मागं एक मोकळी जागा होती. ती बागेसाठी राखून ठेवलीय असं सगळे म्हणायचे. प्रत्यक्षात तिथं काँग्रेस गवत, पडक्या घरांचा राडारोडा आणि गाढवं. नगरसेवकांना गाठलं तर ते स्कूटरवरून न उतरताच "करा की" म्हणाले. मला तेवढं पुरे होतं. पुढच्याच रविवारी मी फावडं घेऊन उभी राहिले. माझ्याबरोबर शेजारच्या दोघीजणी आणि आमचे हे, एवढेच. ह्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

तासाभरानं तालमीतून वस्ताद बाहेर आले. साठीचा माणूस, कुस्त्या खेळून दोन्ही कान मोडलेले, बोलणं मोजकं. आमचं फावडं चालवणं त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि ते काही त्यांना बघवेना. त्यांनी आत वळून एक हाक मारली, तशी तालमीतली सगळी पोरं कमरेला टॉवेल गुंडाळून हजर झाली. दुपारपर्यंत गवत गेलं, राडारोडा गेला, आणि गाढवं तर पुन्हा त्या बाजूला फिरकलीच नाहीत.

मग पेठेला चेवच चढला. ज्यानं त्यानं आपापल्या घरातलं, कामावरचं काहीतरी आणून टाकायला सुरुवात केली. उद्यमनगरात कारखाना असलेल्या एका शेजाऱ्यानं पाइप वाकवून झोपाळे केले आणि पत्र्याची चांगली उंच घसरगुंडी केली. गारगोटीहून माझ्या भावानं गुऱ्हाळातली जुनी काहील पाठवली, उसाचा रस आटवतात ती भली मोठी कढई. तिच्या बुडाला ट्रकचं जुनं बेअरिंग बसवलं आणि पोरांना आत बसवून गरगर फिरवायचं चक्र तयार झालं. कितीही घासली तरी तिच्या सांध्यात गूळ राहिलाच होता. पहिल्या दिवशी चक्रात बसायचा मान मुंगळ्यांनी घेतला.

मला दुसरं काही सुचत नव्हतं. कामावर हेडफोन लावून मी मनातल्या मनात झोपाळे हलवत असायचे, एकदा त्या नादात नेसरीचा कॉल भलत्याच घरी जोडून दिला. रविवार कधी येतो असं व्हायचं. आम्ही बायका परातभर भडंग करून न्यायचो, पातेलं भरून चहा न्यायचो, आणि घमेली पुढं देता देता सासवा-नणंदांच्या गाऱ्हाण्यांचाही निकाल लावायचो. माझी मुलगी गल्लीतल्या मुलींना गोळा करून घसरगुंडीवर पहिलं कोण, दुसरं कोण, हे रोज नव्यानं ठरवायची. पहिलं नाव मात्र तिचंच असायचं.

राहिली होती एक गोष्ट. घसरगुंडीच्या पायथ्याशी जमीन दगडासारखी टणक होती. पोरांना लागू नये म्हणून तिथं नदीची वाळू टाकावी, असं मी वस्तादांना म्हटलं.

"वाळूनं खरचटतं, वैनी," ते म्हणाले. "ते माझ्यावर सोडा."

शनिवारी संध्याकाळी घरी येते तो काय, घसरगुंडीखाली मोठा चौकोनी खड्डा घेतलेला आणि त्यात तालमीची माती. चाळलेली, तांबडी, लोण्यासारखी. वस्तादांनी आपल्या आखाड्यातली माती काढून दिली होती, तीत नवी मिसळली होती आणि कुस्तीच्या मातीत घालतात ते सगळं घातलं होतं: हळद, तेल, लिंबू, ताक, कापूर. उदबत्ती लावून नारळ फोडलेला होता. माणसानं पडावं आणि त्याला लागू नये म्हणून केलेली याहून चांगली माती कोल्हापुरात तरी नाही. मी वस्तादांच्या पाया पडले.

रविवारी सकाळी अख्खी पेठ लोटली. पताका लावल्या होत्या, कुणीतरी हलगीवालाही आणला होता. घसरगुंडीवरून आधी मुली उतरणार, हे मी आठवडाभर सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. माझी मुलगी शिडी चढून वर जाऊन बसली. हलगी वाजायला लागली. आणि खड्ड्याच्या कडेला बसलेले एक म्हातारे पैलवान हात वर करून म्हणाले, "थांब पोरी. खाली माती हाय."

हलगी थांबली. मला क्षणभर काही कळेना, मग कळलं. आखाड्याच्या मातीत बाईनं पाय ठेवायचा नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं, वस्तादांना माहीत होतं, तिथं जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि पूजा होईपर्यंत, हलगी वाजेपर्यंत ते एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

वस्तादांचा चेहरा पडला. माझ्या ध्यानातच आलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. माती काढून टाका, असं मी माझ्या गगनबावड्याच्या आवाजात सांगितलं. त्यावर चार शहाण्यांनी समजूत घातली की पूजा केलेली माती अशी उकरून टाकता येत नाही. त्यापेक्षा झोपाळे आणि चक्र मुलींना, घसरगुंडी मुलांना, म्हणजे कुणाची तक्रार नको. माना डोलायला लागल्या. बायकांच्यासुद्धा. एवढी माणसं इतकं समंजस बोलतायत म्हटल्यावर भांडावं तरी कुणाशी, हेच मला समजेना. वर बघितलं तर माझी मुलगी उठली होती आणि निमूटपणे शिडीवरून परत खाली उतरायला लागली होती. तिला सवय होती. ते बघून मला रडू फुटलं.

तेवढ्यात वस्तादांच्या घरच्या, आम्हा सगळ्यांच्या काकी, प्यायला ताक घेऊन आल्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. कुणीतरी सांगितलं. काकींनी हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चारचौघांत त्या वस्तादांशी बोलल्याचं मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

"तालमीच्या मातीत दर साली ताक पडतंय ते कुणाचं? हळद मीच कुटतो, लिंबं मीच पिळतो. लगीन होऊन आलो तवापास्नं माझा हात त्या मातीत हाय. तवा न्हाय बिघडली ती. आता ह्या पोरीच्या पायानं बिघडती व्हय?"

मग वस्तादांनी वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि शिडीवर अर्ध्यात थांबलेल्या माझ्या मुलीला म्हणाले, "वर चढ. खाली आलीस की मातीला असा नमस्कार करायचा. पोरगा असू दे न्हायतर पोरगी, समद्यांनी."

ती आली. धाडकन मातीत पडली, नमस्कार केला आणि पुन्हा शिडीकडं पळाली. मग जो दंगा उसळला तो काय सांगू. हलगी, पोरी, पोरं, काहिलीत ओरडणारी कार्टी, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं.

त्या गर्दीत काकी माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, घसरगुंडीला मोठ्या माणसाचं वजन पेलतं का. मी हो म्हटलं. पेलतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, लुगडं आवरून घेतलं आणि मुलींच्या रांगेतून वर गेल्या. वर बसून एकदा डोळे मिटले आणि आल्या खाली. पाय लांब करून मातीत बसल्या. नमस्कार केला. मग ओंजळभर माती घेऊन बोटांमधून सोडत राहिल्या. इतकी वर्षं नवऱ्याचे, पोरांचे लंगोट त्यांनीच धुतले होते, ही माती त्यांनीच दगडावर आपटून काढली होती.

"एवढी मऊ असती व्हय ही?" त्या म्हणाल्या.

वर मुलींची रांग खोळंबली होती. वस्ताद पुढं झाले आणि त्यांना उठवायला हात दिला.

"थांबा जरा," काकी म्हणाल्या.