माझा पारंपरिक वेष

साल दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. दादरच्या मैदानात, भर सभेत, स्टेजवर एका माणसाने माझ्या गळ्यात हलगी अडकवली. न विचारता. बैलाच्या गळ्यात घंटा बांधावी तशी.

तो आमच्या समितीचा सरचिटणीस. शिकलेला, गोड बोलणारा. आमच्या कुठल्याच समाजातला नाही, पण आमच्यासाठी झटतो असं सगळे म्हणत. समिती छोट्या समाजांची. वरळीचे कोळी, गिरगावातले ईस्ट इंडियन ख्रिश्चन, परळचे कैकाडी आणि करी रोडच्या चाळीतले आम्ही मातंग. सगळ्यांच्या घरांवर टॉवरवाल्यांचा डोळा. एकेकटे चिरडले जाऊ, म्हणून एकत्र आलो.

सभेआधी निरोप आला होता, सगळ्यांनी आपापल्या पारंपरिक वेषात यायचं. कोळणी सोन्याने मढून आल्या. ख्रिश्चन बायका लुगड्यात. मी घातला इस्त्रीचा पांढरा शर्ट नि पॅण्ट. मिलमध्ये होतो तेव्हा पगाराच्या दिवशी घालायचो तसा. माझी परंपरा तीच. चाळीतर्फे मी बोलायचं ठरलं होतं. चौथी शिकलेला माणूस मी. कितीतरी दिवस मोरीत उभा राहून भाषण घोकत होतो.

"काका, हे काय, ऑफिसला निघालात?" सरचिटणीस हसला. हलगी घातली. "भाषणं खूप झालीत. तुम्ही वाजवा. तुमचं म्हणणं त्यातच आलं."

"मला वाजवता येत नाही."

"असं कसं? तुमच्या रक्तात आहे."

"माझ्या रक्तात साखर आहे. डॉक्टरने सांगितलंय."

पुढची रांग हसली. वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

माझा बाप साताऱ्याकडचा. गावात लोकांच्या लग्नात मांडवाबाहेर उभा राहून वाजवायचा. सगळे जेवून उठले की उरलेलं त्याच्या फडक्यात पडायचं. मुंबईत मिलमध्ये लागला आणि त्याने हलगी चुलीत घातली. आई सांगायची, जळक्या कातड्याचा वास खोलीतून जाता जात नव्हता. माझ्या हाताला त्याने ती लागू दिली नाही. आज आमची काही पोरं हौसेने वाजवतात. वाजवोत. ती त्यांनी स्वतः उचलली. माझ्या गळ्यात दुसऱ्याने घातली.

मी हरेश्वरकडे बघितलं. कोळीवाड्याचा पुढारी. माझा दोस्त. त्यांची होड्या लावायची जागा काढून घ्यायला पोलीस आले, तेव्हा मी त्याच्या शेजारी धरण्याला बसलो होतो. एकाच गाडीत कोंबलं आम्हाला. त्या गाडीत मी त्याला बापाची ही गोष्ट सांगितली होती. तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "आजपासून तू नि मी भाऊ रे."

आता स्वतःच्या गळ्यातली सोन्याची साखळी नीट करत तो जवळ आला. हळूच म्हणाला, "वाजव ना रे थोडं. लोकांना बरं वाटेल. उगाच तमाशा नको."

सरचिटणीसाचं काय, त्याला ठाऊक नव्हतं. याला होतं.

हलगी काढली. सरचिटणीसाच्या हातात दिली. "एवढी आवडते, तर तुम्ही वाजवा."

माइककडे गेलो. कुणीतरी बंद केला होता. बिनमाइकचं बोललो. गिरणीत कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय होती. "आम्ही करी रोडचे. आमची घरं जाताहेत. ते सांगायला आलोय." तेवढ्यात बॅण्ड सुरू झाला. माझा आवाज बुडाला. खाली उतरलो. मागे कुणी आलं नाही. हरेश्वरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळच्या पुलाखाली गेलो. तिथे शेवंताबाई टोपल्या विणते. कैकाडी. तिला समितीत मीच आणलं होतं. पुढच्या सभेत तिने स्टेजवर बसून टोपली विणायची, असं समितीने ठरवलं होतं.

"काल लई गाजवलं म्हणं तुमी," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"पुढच्या सभेला टोपली नेऊ नका. तुमच्या घराचं तोंडाने सांगा."

"आन् हाकललं तर? आमच्या मागं कोन हाय मग?"

खोटं बोललो नाही. "माझी चाळ आहे. दुसरं कुणी नाही."

 तिने विणकाम शेजारी बसलेल्या सुनेकडे सरकवलं आणि पदर खोचला.

समिती सोडणार नाही. ती आमचीही आहे. पण यापुढे तिथे आम्ही खुर्चीवर बसणार आणि बोलणार. अडवलं, तर स्टेजवरून हलणार नाही. आमचं ऐकल्याशिवाय सभा पुढे सरकणार नाही.

हे हरेश्वरला त्याच्या दारात सांगायला शेवंताबाई नि मी, आम्ही दोघांनी वरळीची बस पकडली.