आत्याचं उत्पन्न

माझ्या आत्याला सरकारकडून निराधारांचे पैसे मिळायचे. ती त्याला पगार म्हणायची, आणि तेही तोऱ्यात. "उद्या यायला जमणार नाही, माझा पगार आहे." नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गंजाडला कुडाच्या घरात एकटी. चहा-साखर, गुडघ्याच्या गोळ्या, एसटीचं भाडं, सगळं त्या पगारात. कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणजे नाही. शिवाय दरवर्षी भात झोडून झालं की माझे वडील तलासरीहून माहेरच्या शेतातल्या तांदळाचं पोतं पाठवायचे. तेवढ्यात तिचं भागायचं.

मग ते शेत रस्त्यात गेलं आणि त्याचे पैसे आले. आमच्याकडे बहिणी अशा वेळी हक्क सोडतात आणि साडी घेऊन गप्प बसतात. पण आजोबा जाताना सांगून गेले होते, पोरीला वगळू नका. वडिलांनी तिचा वाटा तिच्या हातात दिला. आत्या ढसाढसा रडली. "माझ्या बापानं मला धरलं गो मोजणीत," एवढंच म्हणत राहिली.

त्या पैशातून तिने कुडाच्या भिंती पाडल्या आणि विटांचं घर बांधलं, वर स्लॅब. मी कडाकडा भांडले. म्हटलं, थोडे तरी बँकेत राहू दे, उद्या विटा खाणार आहेस का? तर म्हणे, "बापानं दिलेलं लपवून काय ठेवायचं? दिसलं पाहिजे."

दिसलं की. सगळ्या पाड्याला दिसलं. पगार चालूच होता, आणि कुणीतरी डहाणूला तहसील कचेरीत जाऊन सांगून आलं की ही बाई स्लॅबखाली झोपते आणि निराधाराचं खाते. २०१८ मध्ये तिला चौकशीला बोलावलं. हातात एक पैसा उरला नव्हता, पगार गेला तर म्हातारी करणार काय? एसटीतून उतरल्यापासून कचेरीपर्यंत मी तिला पढवत होते: घर भावानं बांधून दिलं, एवढंच सांग, बाकी मी बोलते. खोटं शिकवताना मला काडीची लाज वाटली नाही. ती "बरं" म्हणाली.

साहेब तरुण होता, अदबीने बोलणारा. त्याने विचारलं, "आजी, वर्षाचं उत्पन्न किती?"

"कसलं उत्पन्न? शेतच गेलं. एक दाणा नाही."

आमच्याकडे उत्पन्न म्हणजे शेतात पिकेल ते. दुसरं कसलं उत्पन्न असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेब हसला. मला वाटलं, सुटलो.

"मग घर कशातून बांधलं?"

मी तोंड उघडलं, तर आत्याने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. पाठ ताठ करून म्हणाली, "बापाच्या जमिनीतनं. माझ्या वाट्याच्या पैशातनं."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर बरसले. एवढं पढवलं ते काय पाण्यात? ती पदर नीट करत म्हणाली, "सासरी जन्मभर ऐकलं, माहेरनं काय आणलंस. आता बापानं दिलं, ते भावाच्या नावावर लावू?"

जमिनीचे पैसे तिच्या उत्पन्नात धरले आणि पगार बंद झाला. मी खेटे घातले, अर्ज दिले, पैसे उरलेच नाहीत हो म्हणून गयावया केली. साहेब दरवेळी खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि नियम सांगायचा. त्याच्यावर ओरडताही येईना. रडू यायचं ते रागाचं.

आत्या मला विचारायची, "शेत होतं, पोतं येत होतं, तेव्हा पगार होता. आता शेत नाही, पोतं नाही, तर म्हणे उत्पन्न झालं. कुठंय ते? मला दाखव तरी." आम्ही दोघी भिंतीकडे बघत बसायचो.

गोळ्या तिने अर्ध्यावर आणल्या. माझ्याकडून पैसे घेईना. शेवटी मी डहाणूच्या दुकानातून तांदूळ घेतला, जुन्या पोत्यात भरला आणि घेऊन गेले. सांगितलं, थोडी जमीन उरली होती, त्यातला आहे, वडिलांनी पाठवलाय.

तिने मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, नाकाशी नेला.

"आपला नाही गो हा," म्हणाली, आणि उठून चुलीवर आधण ठेवलं.